अपडेट केला आणि कॉम्प्युटर मेला?

मी बडोद्याहून बोलतोय. दांडिया बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, त्याला आता बावीस वर्षं झाली. मला भाषणाची सवय नाही, स्क्रू काढायची आहे. तेव्हा बोलताना गाडी घसरली तर सांभाळून घ्या.

माझ्या काउंटरवर सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कुठलं असेल? तुम्हाला वाटेल, "चालूच होत नाही." तसं नाही. ते वाक्य असं आहे : "चांगला चालत होता हो, अपडेट केला आणि स्लो झाला." मराठी माणूस मराठीत सांगतो, गुजराती माणूस गुजरातीत, पण वाक्य तेच. आणि त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य येतं : "हे कंपनीवाले मुद्दाम करतात. आपल्याला नवीन घ्यायला लावायचं असतं ना!"

आज या दोन वाक्यांची तपासणी करायची आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच उठून जाणाऱ्यांचं नुकसान नको. अपग्रेडने कॉम्प्युटर खरंच मंदावतो का? कधी कधी, हो. पण आपण जितक्या वेळा त्याच्यावर खापर फोडतो तितक्या वेळा नाही. आणि अपग्रेड न करण्याची किंमत काय असते, हे मी एका भल्या माणसाच्या नुकसानीतून शिकलो. ती गोष्ट शेवटी सांगतो. मला ती सांगायला आवडत नाही, पण सांगायला हवी.

आधी एक शब्दांचा घोळ मिटवू. अपडेट आणि अपग्रेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपडेट म्हणजे घराची डागडुजी. भिंतीला भेग पडली, बुजवली. अपग्रेड म्हणजे माणसं तीच, सामान तेच, पण घर नवं. विंडोज ७ वरून १० वर गेलात, हे अपग्रेड. दर महिन्याला "रिस्टार्ट करा" म्हणून मागे लागतं, ते अपडेट. लोक दोन्हीला अपडेटच म्हणतात, मीही म्हणतो. पण मंदावण्याची कारणं दोन्हींत वेगळी असतात.

आता एका काकूंची गोष्ट. २०२० च्या जानेवारीत विंडोज ७ चा आधार संपला. तारीख होती १४ जानेवारी, संक्रांतीच्या आसपासची. म्हणजे त्यानंतर डागडुजी बंद. काकूंचा मुलगा बंगळूरला. त्याने फोनवरून सांगत सांगत आईच्या लॅपटॉपवर विंडोज १० चढवलं. काकू घरी मराठी डीटीपीचं काम करतात. लग्नपत्रिका, मुंजीची निमंत्रणं, मंडळाची गणपतीची स्मरणिका. आठ दिवसांनी त्या कापडी पिशवीत लॅपटॉप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अरे, हा मेला. सकाळी चालू करते, देवपूजा होते, चहा होतो, तरी हा उठत नाही. एकाने सांगितलं, नवीनच घ्या, अठ्ठेचाळीस हजार होतील. घेऊ का रे?"

त्या अठ्ठेचाळीस हजारांत किती लग्नपत्रिका होतात ते मला माहीत होतं. म्हटलं, "काकू, दोन दिवस ठेवून जा."

मी मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं. बटण दाबल्यापासून एक फाइल उघडून त्यात एक अक्षर टाइप होईपर्यंत सहा मिनिटं चाळीस सेकंद. काकूंची पूजा काही लांबलचक नव्हती, लॅपटॉपच तसा होता.

मग मी एक काम केलं, जे खरं तर दुकानदाराला परवडत नाही. माझ्याकडे एक बऱ्या स्थितीतली साधी हार्ड डिस्क पडून होती. ती त्याच लॅपटॉपला लावली. तिच्यावर आधी कोरं विंडोज ७ टाकलं. साधारण दोन मिनिटं लागली. मग त्याच डिस्कवर कोरं विंडोज १०. तीन मिनिटांच्या जरा आत. म्हणजे बघा : नवं विंडोज जुन्यापेक्षा खरंच जड होतं. त्यात खोटं काही नाही. पण तो फरक एका मिनिटाचा होता. वरची पावणेचार मिनिटं कुठून आली?

ती तीन ठिकाणांहून आली होती. एक, काकूंची मूळ डिस्क आतून खराब होत चालली होती. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, ती वाचता येते. खराब झालेल्या जागा बाजूला टाकून ती कशीबशी काम करत होती. दोन, सी ड्राइव्ह गच्च भरलेला होता. अपग्रेड करताना जुनं विंडोज "विंडोज डॉट ओल्ड" नावाच्या फोल्डरमध्ये बांधून ठेवतात. मनात आलं तर माणसाला मागे जाता यावं म्हणून विंडोज १० मध्ये ते दहा दिवस राहतं. ते गाठोडं पुष्कळ जागा खातं. आणि तीन, लॅपटॉप चालू होताना आपोआप सुरू होणारे सतरा प्रोग्राम. त्यात दोन अँटिव्हायरस, एकमेकांवर पाळत ठेवणारे.

यातलं डिस्क आणि सतरा प्रोग्राम हे अपग्रेडच्या आधीपासूनचं. मग काकूंना ते आठ दिवसांपूर्वीच का जाणवलं? कारण अपग्रेड म्हणजे म्हाताऱ्या डिस्कला एका दिवसात पळवलेली मॅरेथॉन. एरवी ती थोडंथोडं वाचते, लिहिते. अपग्रेडच्या दिवशी कित्येक जीबी लिहायचे, हलवायचे, परत वाचायचे. जे दुखणं अंगात लपलेलं असतं ते त्या दिवशी बाहेर येतं. आपल्याकडे म्हण आहेच, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. इथे कावळा जरा वजनदार होता हे मान्य, पण फांदी आधीच पोखरलेली होती.

काकूंच्या लॅपटॉपला मी एसएसडी बसवली, चार जीबी रॅम वाढवली, सतरातले चौदा प्रोग्राम बंद केले. साडेचार हजारांच्या आत काम झालं. तेच विंडोज १०, तोच लॅपटॉप, पस्तीस सेकंद. काकूंनी त्यावर पुढची तीन वर्षं स्मरणिका काढली.

आता हे एसएसडी प्रकरण नीट समजून घेऊ, कारण निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ तिथे आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरीखुरी तबकडी फिरते, ग्रामोफोनसारखी. लॅपटॉपमधली बहुतेक वेळा मिनिटाला ५,४०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला ९० फेरे. एखादी माहिती हवी असेल तर आधी सुईचा हात त्या जागी सरकायला हवा, मग ती जागा फिरत फिरत सुईखाली यायला हवी. त्यामुळे इथेतिथे विखुरलेल्या गोष्टी मागितल्या तर अशी डिस्क सेकंदाला फार तर शंभरेक मागण्या पुऱ्या करते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. ती सेकंदाला हजारोंनी मागण्या पुऱ्या करते, चांगली असेल तर लाखांच्या घरात जाते.

नवी विंडोज एकाच वेळी अनेक गोष्टी मागते. शोधासाठी फाइलींची यादी बनवणं, व्हायरसची तपासणी, पुढच्या अपडेटची तयारी. यातली प्रत्येक गोष्ट छोटी आहे, पण सगळ्या मिळून विखुरलेल्या मागण्या होतात. एसएसडीला त्याचं काही वाटत नाही. तबकडीवाल्या डिस्कपुढे मात्र रेशनच्या दुकानासारखी रांग लागते. टास्क मॅनेजर उघडलात तर डिस्कसमोर शंभर टक्के दिसतं, आणि प्रोसेसर बिचारा दहा टक्क्यांवर हात बांधून बसलेला असतो. लोक म्हणतात प्रोसेसर जुना झाला. तो जुना झालेला नसतो, उपाशी असतो.

दुसरा मुद्दा वजनाचा. वजन वाढतं, हे आकड्यांतच दिसतं. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली तेव्हा किमान ६४ एमबी रॅम मागत होती. २००७ मधली व्हिस्टा ५१२ एमबी. २००९ मधली विंडोज ७ एक जीबी, ६४ बिटवाली असेल तर दोन. २०२१ मधली विंडोज ११ चार जीबी. वीस वर्षांत ६४ पट! हा नियमच झालाय. निक्लाउस विर्थ नावाचे स्वित्झर्लंडचे मोठे संगणकशास्त्रज्ञ, पास्कल भाषा ज्यांनी केली ते. त्यांनी १९९५ मध्येच लेख लिहून तक्रार केली होती की यंत्रं जितक्या वेगाने जलद होतात त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर जड होतं. त्याला आता विर्थचा नियम म्हणतात.

पण हाच आकड्यांचा कागद उलटून बघा. विंडोज ७ ने व्हिस्टापेक्षा लोकांना हलकं वाटेल असं काम केलं. विंडोज १० ने किमान रॅम ७ इतकीच ठेवली, आणि वापरात नसलेली रॅम दाबून, घडी घालून ठेवायची सोय आणली. २०१८ मध्ये ॲपलने आयओएस १२ आणली तेव्हा जुने फोन जलद करणं हीच तिची मुख्य जाहिरात होती. म्हणजे नवं आलं की जड झालंच पाहिजे असा काही निसर्गनियम नाही. बनवणाऱ्याने मनावर घेतलं तर ते हलकं होतं. बहुतेक वेळा मनावर घेत नाहीत, कारण त्यांच्या स्वतःच्या टेबलावर नवं कोरं यंत्र असतं.

आणि एक गंमत सांगतो. पुष्कळदा जड झालेली असते ती विंडोज नाही, तर त्यात उघडलेली वेबसाइट. दहा वर्षांपूर्वी बँकेचं पान साधं होतं. आज त्या पानावर चित्रं, हलत्या पट्ट्या, चॅट करायला एक बाई. ब्राउझरमध्ये अशी वीस पानं उघडी ठेवायची आणि म्हणायचं विंडोज स्लो आहे! खिडकी तीच आहे हो, बाहेरचा रस्ता गजबजलाय.

आता तिसरा मुद्दा, आणि इथे मी गिऱ्हाइकांच्या बाजूने आहे. अपडेटने खरोखर, मोजता येईल इतका वेग कमी केल्याची उदाहरणं आहेत. सगळ्यात मोठं २०१८ च्या जानेवारीतलं. मेल्टडाउन आणि स्पेक्टर अशी नावं तुम्ही ऐकली असतील. प्रोसेसरच्या घडणीतच दोष निघाला होता.

तो दोष कसा होता? कोपऱ्यावरचा चहावाला आठवा. रोजचं गिऱ्हाईक लांबून दिसलं की त्याने सांगायच्या आत चहा टाकतो. वेळ वाचतो. प्रोसेसरही हेच करतो, पुढे काय लागेल त्याचा अंदाज बांधून काम आधीच करून ठेवतो. अंदाज चुकला तर चहा ओतून टाकायचा, कुणाला कळत नाही. पण शोधणाऱ्यांनी बघितलं की चहा ओतला तरी पातेलं गरम राहतं! कुठलं पातेलं गरम आहे हे चाचपून दुसरा माणूस ओळखू शकतो की आधीचा माणूस काय पितो. कॉम्प्युटरमध्ये "काय पितो" म्हणजे तुमचा पासवर्ड.

यावर उपाय म्हणून अपडेट आलं. त्याचा मतितार्थ असा की ऑपरेटिंग सिस्टिमची पातेली वेगळ्या खोलीत ठेवायची आणि प्रत्येक वेळी दार उघडून, बंद करून जायचं. सुरक्षित झालं, पण चालणं वाढलं. मायक्रोसॉफ्टने तेव्हा जाहीरपणे सांगितलं होतं की २०१६ च्या आसपासच्या किंवा त्यानंतरच्या यंत्रांवर विंडोज १० असेल तर फरक दहा टक्क्यांच्या आत राहील, बहुतेकांना जाणवणारही नाही. २०१५ च्या आसपासच्या किंवा जुन्या प्रोसेसरवर काहींना जाणवेल. आणि जुन्या प्रोसेसरवर विंडोज ७ किंवा ८ असेल तर बहुतेकांना जाणवेल. यातली मेख लक्षात आली का? सगळ्यात जास्त फटका अपग्रेड न केलेल्यांना बसला.

दुसरं उदाहरण विंडोज ११ चं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती आली, आणि पहिल्याच आठवड्यात एएमडी कंपनीने सांगितलं की तिच्या काही रायझन प्रोसेसरांवर काही कामं तीन ते पाच टक्के मंद होतात, काही खेळांत तर दहा ते पंधरा टक्के. ती चूक होती. त्याच महिन्यात अपडेट आलं आणि दुरुस्त झाली. म्हणजे अपग्रेडने मंदावलं, आणि अपडेटनेच सुधारलं. ज्यांनी चिडून अपडेट बंद केली ते मात्र मंदच राहिले.

आणि आता "मुद्दाम करतात" वाल्यांसाठी. तुमचा संशय अगदी हवेतला नाही. जानेवारी २०१७ मध्ये ॲपलने आयफोनसाठी आयओएस १०.२.१ दिली. त्यात बॅटरी म्हातारी झाली असेल तर फोनचा वेग आपोआप कमी करायची सोय गुपचूप घातली होती. डिसेंबरमध्ये वेग मोजणाऱ्यांनी ते आकड्यांनिशी दाखवलं, तेव्हा कंपनीने कबूल केलं, माफी मागितली, आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला.

कंपनीचं म्हणणं होतं, थकलेली बॅटरी एकदम जास्त वीज देऊ शकत नाही, फोन अचानक बंद पडतो, ते टाळायला वेग कमी केला. तांत्रिकदृष्ट्या हे खरं आहे. पण दंड कशाबद्दल झाला? सांगितलं नाही याबद्दल. कारण सांगितलं असतं तर माणसाने बॅटरी बदलली असती. न सांगितल्यामुळे किती जणांनी नवा फोन घेतला असेल! डॉक्टरने चष्म्याचा नंबर वाढलाय हे न सांगता "डोळाच बदला" म्हणण्यासारखं हे झालं.

तर मंडळी, हिशेब असा. अपग्रेडनंतरचे पहिले दोन-तीन दिवस मंद वाटणारच. मागे याद्या बनत असतात, सफाई चालू असते. लॅपटॉप चार्जरला लावून एक रात्र चालू ठेवा, पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. त्यानंतरही मंद असेल तर आधी डिस्क बघा, मग रॅम, मग आपोआप सुरू होणारे प्रोग्राम. मग ड्रायव्हर. जुन्या यंत्रावर नवं विंडोज टाकलं की कधी कधी पडद्यासाठी कामचलाऊ ड्रायव्हर बसतो, आणि साधी खिडकी सरकवली तरी ती फरपटत येते. मग पंखा. आपल्याकडची धूळ आणि मे महिना. पंख्यात गादीसारखा थर साचतो, प्रोसेसर तापतो, आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. ब्रशने पंखा साफ करून मी जितके "स्लो विंडोज" बरे केलेत तितके कुठल्याही सॉफ्टवेअरने केले नसतील.

एक छोटी युक्ती घरी करून बघा. विंडोज ८ पासून "शटडाउन" म्हणजे नेहमी पूर्ण बंद नसतं. पुढच्या वेळी लवकर चालू व्हावं म्हणून ते आतला काही भाग जसाच्या तसा जपून ठेवतं. पूर्ण कोरी सुरुवात होते "रिस्टार्ट" केल्यावर. महिनाभर रोज रात्री शटडाउन करणारा माणूस मला सांगतो, मी रोज बंद करतो हो. टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर यंत्र सव्वीस दिवस जागंच! तेव्हा आठवड्यातून एकदा रिस्टार्ट.

आता ती गोष्ट.

२०१६ साल. आमच्या भागात एक कर सल्लागार होते, वयाने मोठे, मी त्यांना काकाच म्हणायचो. ऑफिसात चार कॉम्प्युटर, चारही विंडोज ७. विंडोज १० फुकट घ्या म्हणून तेव्हा पडद्यावर सारख्या सूचना यायच्या. सकाळी ऑफिस उघडावं तर "अपडेट बसवत आहे, बंद करू नका" म्हणून अर्धा तास गोल फिरत बसायचं. काका वैतागले. म्हणाले, "बाबा रे, हे सगळं बंद करून टाक. माझं काम चालतंय तसं चालू दे."

मी बंद केलं. चारही मशीनवरची अपडेट बंद. मशीनमागे दोनशे रुपये घेतले. खरं सांगतो, मला त्यात काही चूक वाटली नाही. मी तेव्हा अनेकांकडे हेच करत होतो. "वेग वाढवून मिळेल" असं म्हणायचो. आणि वेग वाढायचाही! लोक खूश, मी खूश.

१४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने एक अपडेट दिलं. विंडोजमध्ये फाइली एकमेकांना पाठवण्याची जी जुनी पद्धत होती, तिच्यातलं भोक बुजवणारं. काकांच्या मशीनवर ते आलंच नाही. मीच दार बंद केलं होतं. १२ मे ला, शुक्रवारी, वॉनाक्राय सुटला. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर. ब्रिटनमधल्या दवाखान्यांना रुग्ण परत पाठवावे लागले. आपल्याकडे आंध्रमधल्या पोलिसांचेही कॉम्प्युटर सापडले. बाधित झालेल्या यंत्रांत सगळ्यात मोठा वाटा विंडोज ७ चा होता.

सोमवारी सकाळी काकांचा फोन आला. गेलो तर चारही पडद्यांवर लाल खिडकी. तीनशे डॉलर द्या, नाहीतर फाइली गेल्या. वर उलटं घड्याळ. त्यांचं इंटरनेट थेट एका कॉम्प्युटरवरून जोडलेलं होतं, मधे राउटरची आड नव्हती. एकात शिरला, तिथून तिघांत. बॅकअप होता, पण तो ज्या डिस्कवर होता ती डिस्क कायम त्याच मशीनला लावलेली. तीही गेली.

३१ मे ही शेवटच्या तिमाहीचं टीडीएस विवरण भरायची तारीख. हातात सोळा दिवस. काका, काकू आणि दोन मदतनीस मुली कागदांचे गठ्ठे काढून पुन्हा आकडे भरत बसल्या. गिऱ्हाइकांकडून जुने ईमेल मागवले. मी रोज दुकान बंद करून रात्री तिथे जायचो. जेवढं माझ्याकडून होईल तेवढं टाइप करायचो. बरंच भरून निघालं. पण आधीच्या नऊ-दहा वर्षांचं सगळं परत आलं नाही.

काका मला एक शब्द बोलले नाहीत. एकदा रात्री चहा देताना एवढंच म्हणाले, "मी सांगितलं तेच तू केलंस, बाबा." ते मला सोडवायला म्हणाले होते. पण मी सुटलो नाही. त्यांना माहीत नव्हतं, मला माहीत असायला हवं होतं. त्यांनी वेग मागितला होता, आणि त्याच्या बदल्यात काय जातंय हे त्यांना सांगणं माझं काम होतं. त्याचेच तर मी दोनशे रुपये घेत होतो.

त्या दिवसापासून मी कुणाचं अपडेट बंद करत नाही. गिऱ्हाईक रागावलं तरी नाही.

पण याचा अर्थ आंधळेपणाने सगळं लगेच घ्या असाही नाही. त्याच वर्षी, जूनच्या शेवटी, नॉटपेट्या नावाचा दुसरा हल्ला झाला. त्याने उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. तो पसरायला सुरुवात झाली ती युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच! आणि १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तेव्हा माझा नियम असा : महिन्याची सुरक्षा अपडेट वेळेवर घ्यायची. मोठं अपग्रेड मात्र महिना-दोन महिने थांबून, आधी बॅकअप घेऊन, आणि हातात काम नसताना. आणि बॅकअपची डिस्क काम झालं की काढून कपाटात.

शेवटचा मुद्दा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही आधार संपला. घरगुती वापरणाऱ्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय आहे, ती घ्या. पण विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ मध्ये घेतलेला, एसएसडी टाकून मस्त पळणारा लॅपटॉपही दाराबाहेर. मला विचाराल तर लोकांनी खरा राग इथे काढायला हवा. अपग्रेडने कॉम्प्युटर मंदावतो, हा जुना प्रश्न झाला. धडधाकट यंत्राला अपग्रेडच मिळत नाही, हा आताचा प्रश्न आहे.

अशा यंत्राचं काय करायचं? भंगारात देऊ नका. लिनक्स टाकून बघा. लिनक्स मिंटसारखी प्रणाली फुकट आहे, चार जीबी रॅमवर सुखाने चालते, आणि तिला नियमित अपडेट मिळतात. आपल्या सी-डॅकने बॉस नावाची भारतीय भाषांची सोय असलेली लिनक्स केलेली आहे. केरळातल्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकतात, त्यांचं काही अडलेलं नाही. मराठी युनिकोडमध्ये टाइप करणाऱ्याला तिथे काहीच त्रास नाही.

अडचण आहे ती आमच्या काकूंसारख्यांची. जुन्या मराठी फॉन्टचं पॅकेज, त्याचं डाँगल, त्या फॉन्टमध्ये केलेली वीस वर्षांची कामं. ती फक्त विंडोजवर उघडतात, काही तर फक्त जुन्या विंडोजवर. काही मराठी छापखान्यांत आजही एक्सपी जिवंत आहे ते याच कारणाने. त्यांना मी सांगतो, ते मशीन ठेवा, पण त्याची इंटरनेटची वायर काढा. पेन ड्राइव्हने काम न्या-आणा, तोही तपासून. आणि नवीन प्रत्येक काम आजपासून युनिकोडमध्ये. जुनं एकदम सुटत नाही, पण नवं ओझं तरी वाढवू नका.

मघाशी सांगितलेल्या काकूंनी आता तेच केलंय. जुना लॅपटॉप वायरीविना कोपऱ्यात, नवी स्मरणिका युनिकोडमध्ये. परवा दुकानात आल्या होत्या. म्हणाल्या, "परत एक अपडेट आलंय रे, करू का?"

म्हटलं, "काकू, बॅकअप घेतला?"

"घेतला. आणि डिस्क काढून कपाटातही ठेवली."

"मग करा."